चाक आणि चाकोरी : बीडच्या वाटांवरील टायरांचा इतिहास

मराठी समीक्षेत 'चाकोरीबद्ध' हे विशेषण दूषण म्हणून वापरण्याची रीत आता इतकी रुळली आहे की त्या शब्दात एक चाक दडलेले आहे, याचे भान फारसे कोणाला उरलेले नाही. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने मातीत पाडलेली खोल रेघ. एकाच वाटेने अनेक गाड्या अनेक वर्षे गेल्या म्हणजे ती पडते. लेखकाने तिच्याबाहेर जावे, असे आपण वर्गात शिकवतो. परंतु काळ्या रानातून भरली गाडी नेणाऱ्या माणसाला ही शिकवण विचित्र वाटली असती. चाकोरीच्या तळाशी माती दबून घट्ट झालेली असते. तिच्याबाहेर चाक गेले की ते रुतते.

हा विचार आम्हांला ग्रंथालयात सुचला नाही, तो सायकलीच्या टायरामुळे सुचला. साहित्य शिकवणाऱ्या आम्हा चौघांनी कार्तिक-मार्गशीर्षात बीड जिल्ह्यातून पाच मुक्कामांची सायकलफेरी करायचे ठरवले. बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढायचा, कपिलधार पाहून नेकनूर-केजमार्गे मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईस जायचे, तेथून परळी, पुढे सिरसाळा-तेलगाव करीत माजलगाव, आणि शेवटी गंगथडीने गेवराईकडे वळून १७६३ सालच्या लढाईमुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या राक्षसभुवनाचा घाट पाहून बीडला परत, असा बेत होता. शक्य तेथे महामार्ग टाळायचा, हे आधीच ठरले होते. त्यामुळे सिमेंट, डांबर, उघडी पडलेली खडी, मुरूम आणि शेतांमधली काळी पाणंद असे पाच प्रकारचे पृष्ठभाग आमच्या चाकांखाली येणार होते. साहजिकच पहिला प्रश्न निघाला तो हा : टायर कोणते घ्यायचे?

प्रश्न यांत्रिक वाटतो, परंतु त्याचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासात शिरलो. रस्ता कसा आहे हे कळल्याशिवाय टायर निवडता येत नाही, आणि रस्ता असा का आहे हे विचारले की राज्ये, दुष्काळ आणि मजुरी यांच्याविषयी बोलावेच लागते. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा वृत्तांत आहे.

१

आरंभ बैलगाडीच्या लाकडी चाकापासून करणे उचित होईल. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी पाट आणि त्या वर्तुळावर चढवलेला लोखंडी पट्टा, अशी त्याची रचना. या लोखंडी पट्ट्याला मराठीत 'धाव' म्हणतात. आज आपण ज्याला टायर म्हणतो त्याचे हे आपल्या भाषेतले जुने नाव होय. धाव चढवणे हे सुतार आणि लोहार यांनी मिळून करायचे काम होते. पट्टा चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवायचा, तो तापवून लाल करायचा, प्रसरण पावला की चाकावर बसवायचा आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सारे सांधे आवळले जातात. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, की चाके पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून पुन्हा घट्ट बसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथाला 'गावगाडा' असे नाव दिले. त्या नावामागे गाडा चालता ठेवण्याचे हे सामूहिक कष्ट वाचकांना आपोआप दिसत असणार. आज ते रूपक समजावून सांगावे लागते.

लोखंडी धाव टिकाऊ असते, पण ती अरुंद आणि कठीणही असते. सारे वजन बोटभर रुंदीवर येते. मुरमाड माळावर याने फारसे बिघडत नाही. काळ्या जमिनीत मात्र ती सुरीसारखी आत जाते. बीड जिल्ह्याचा भूगोलच असा आहे की या दोन्ही जमिनी एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. मधून बालाघाटाची डोंगररांग गेलेली आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर या बाजूला हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन, तर गेवराई, माजलगाव, परळीकडे गोदावरीच्या खोऱ्यातली भारी काळी. म्हणजे एकाच गाडीला दोन वेगळ्या चाकांची गरज, आणि चाक तर एकच. ही अडचण चाकोरीने सोडवली. ज्या वाटेवर आधीच माती दबली आहे, त्याच वाटेने जायचे. तिच्यात नवनिर्मितीचा अभाव शोधण्यापेक्षा, अनेकांच्या अनुभवाने ठरलेले शहाणपण तिच्यात साठलेले आहे असे म्हणणे आम्हांला अधिक न्याय्य वाटते.

२

युरोपातही हीच अडचण होती, फक्त तेथे तिच्यावर वेगळा उपाय निघाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. घोडागाड्यांसाठी केलेली ती युक्ती तेव्हा रुजली नाही. पुढे चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी रबरी नळीत हवा भरून चाक बनवले आणि १८८८ साली पेटंट घेतले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचा हक्क टिकला नाही, परंतु नाव मात्र त्याचेच राहिले. १८९१ साली फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारे टायर आणले. पंक्चर काढणे हे वाटेवर, कोणालाही, थोड्या वेळात करता येण्यासारखे काम झाले ते तेव्हापासून.

चाकाची दुसरी क्रांती कमी प्रसिद्ध आहे. लाकडी चाकात वजन खालच्या आऱ्यावर उभे असते, आरा खांबासारखा दाब सोसतो. सायकलीच्या चाकात तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. येथे दाबाऐवजी ताण काम करतो. जेम्स स्टार्ली याने १८७४ साली या तारा तुंब्याला तिरप्या जोडण्याची पद्धत आणली, आणि पायडलाचा जोर चाकाला पिळल्याशिवाय पुढे जाऊ लागला. सायकलदुकानात 'चाकाचा आऊट काढणे' म्हणतात ते याच ताणांचे संतुलन पुन्हा साधणे होय. मागच्या चाकावर वजनही अधिक आणि ओढही अधिक. म्हणून इंग्लिश रोडस्टर सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. आपल्याकडची जुनी काळी सायकल याच वंशातली.

तिचे टायर २८ गुणिले दीड इंचाचे, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर रुंद. शर्यतींच्या प्रभावाने सायकलींचे टायर विसाव्या शतकात अरुंद आणि कडक होत गेले, आणि बारीक टायर म्हणजे वेगवान टायर, हा समज दृढ झाला. अलीकडच्या चाचण्यांनी तो बराचसा मोडला आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडी मारतो आणि त्या उडीत स्वाराची शक्ती वाया जाते. रुंद टायरात हवा कमी ठेवली की तो खडा आपल्यात सामावून घेतो आणि चाक सरळ पुढे जाते. त्यामुळे मिश्र रस्त्यांच्या सायकलींवर आज ४० मिलिमीटरच्या आसपासचे टायर पुन्हा आलेले आहेत. गावातल्या दूधवाल्याची, पोस्टमनची आणि शिक्षकाची सायकल ज्या रुंदीवर धावत होती, तिच्याजवळ जग फिरून आले, असे म्हणता येईल. अर्थात त्यांनी ती रुंदी निवडलेली नव्हती. दुकानात तीच मिळत असे.

काळ्या चिखलाचे मात्र रुंदीने भागत नाही. १८९७ साली अमेरिकेच्या २५व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली मोंटानातून सेंट लुईसपर्यंत सुमारे १९०० मैल सायकलीने गेली. त्यांना ४१ दिवस लागले. वाटेत पाऊस लागला की तेथली चिकण माती टायर आणि चिमटा यांच्या मधे भरून चाक फिरणेच बंद होई, आणि सायकली ढकलाव्या, प्रसंगी उचलाव्या लागत. गंगथडीत राहिलेल्या कोणालाही हे वर्णन परके वाटणार नाही. तात्पर्य असे की टायर निवडताना त्याची रुंदी पाहावी त्याप्रमाणे त्याच्याभोवती मोकळी राहणारी जागाही पाहावी. मडगार्ड घट्ट बसलेली सुबक सायकल काळ्या पाणंदीत शंभर पावलेसुद्धा जात नाही. आमच्यापैकी दोघांनी मडगार्ड काढून ठेवली ती या कारणाने.

३

आता रस्त्यांकडे वळू. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यानंतरची आठ वर्षे हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा त्याचा प्रवास. पश्चिमेला लागूनच ब्रिटिश अमलातला नगर जिल्हा होता. संस्थानाची सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. आज आष्टीकडून नगरकडे जाताना जी सीमा जिल्ह्यांची म्हणून आपल्या लक्षातही येत नाही, ती तेव्हा दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. राज्यकर्त्यांना रस्ता प्रथम लागतो तो फौजेसाठी आणि वसुलीसाठी. गावे त्या रस्त्याच्या आजूबाजूला राहतात, पण रस्ता गावांसाठी आलेला नसतो.

निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सरकारी बससेवा सुरू केली, ती २७ गाड्यांनिशी. भारतातील सरकारी बस वाहतुकीच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. आगगाडी मात्र जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीपर्यंतच आली. बीड शहर रेल्वेविना राहिले. नगर-बीड-परळी या मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली, आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये धावली आणि बीड शहरात ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी पोहोचली. संस्थान विलीन झाले त्या तारखेपासून मोजले तर बरोबर सत्त्याहत्तर वर्षे. एवढ्या काळात या जिल्ह्याचे जे काही बाहेर गेले, मग तो कापूस असो की माणसे, ते मुख्यतः रस्त्याने गेले. म्हणून येथे चाकाचा इतिहास हा फुरसतीचा विषय ठरत नाही.

आणि हे रस्ते कोणी केले? महामार्ग सोडले तर आतल्या गावांना जोडणाऱ्या जुन्या कच्च्या रस्त्यांचा मोठा भाग दुष्काळी कामांतून झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली लाखो माणसे खडी फोडायला, माती टाकायला, पाझर तलावांवर खपायला गेली. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. ज्या माणसांची शेते करपली होती त्यांनी हातोडीने दगड फोडून ढिगांची मापे दिली आणि ती खडी रस्त्यावर पसरली गेली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना '७२ चा दुष्काळ' हा ग्रामीण साहित्याच्या चर्चेतला एक संदर्भ म्हणून माहीत असतो. तो दुष्काळ आजही अनेक वाटांच्या पोटात खडीच्या रूपाने पडून आहे. २००० सालापासून आलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आणि पुढच्या राज्य योजनांनी त्यांवर डांबराचा थर चढला. थर जेथे उडाला तेथे जुनी खडी पुन्हा वर येते. तिच्या धारदार कडा टायरांना कापतात, आणि आम्हांला त्याचा अनुभव पुढे यायचा होता.

४

मिश्र रस्त्यांवरून अनेक मुक्कामांचा प्रवास, ही कल्पना आम्हां शहरी नोकरदारांना नवी आणि साहसाची वाटली. बीड जिल्ह्याला ती नवी नाही. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अनेक कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला माणसे गेली ती मोठ्या प्रमाणात बीडच्या डोंगरपट्ट्यातून. सुरुवातीला कुटुंबे आपल्याच बैलगाड्यांत संसार टाकून, वाटेत मुक्काम करीत, कारखान्यापर्यंत जात. दिवाळी झाली की निघायचे आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोने मिळून काम करायचे आणि त्या जोडप्याला हिशेबात 'एक कोयता' म्हणायचे. माणसाचे नाव पुसून त्याच्या अवजाराचे नाव देणारी ही लक्षणा आमच्या अलंकारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असायला हवी.

या प्रवासात चाकानेही रूप पालटले. लोखंडी धावेच्या गाडीने डांबरी रस्ता खराब होतो आणि तिच्यात ऊसही कमी बसतो. तिच्या जागी हवेचे टायर असलेला लोखंडी गाडा आला. यालाच 'टायरगाडी' म्हणतात. पुष्कळदा ती कारखान्याची असते आणि तोडणी कामगाराला भाड्याने मिळते, बैल मात्र त्याचे स्वतःचे. अशा कामगारांच्या टोळ्यांना 'गाडी सेंटर' असे नाव आहे. आता माणसे आणि बैल ट्रकमधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कारखान्यावर जातात आणि टायरगाडी तेथे त्यांची वाट पाहत असते.

रबरी टायरावर तेवढेच वजन ओढायला बैलाला लाकडी चाकापेक्षा कितीतरी कमी जोर लागतो, हे यंत्रशास्त्र सांगते. त्यातून असा निष्कर्ष निघावा की टायर आल्याने बैलाचे आणि पर्यायाने माणसाचे कष्ट हलके झाले. प्रत्यक्षात टायरगाडीवर दीड-दोन टन, कधी त्याहून अधिक ऊस रचला जातो. मजुरी टनावर मिळते, उचल फिटायची असते, आणि गाडी ओढली जाते आहे तोवर आणखी एक मोळी चढते. टायराने जी शक्ती वाचवली ती बैलाला परत मिळाली नाही, वाढलेल्या ओझ्यात ती जमा झाली. चढावर बैलांचे गुडघे टेकतात ते याच हिशेबामुळे. तंत्राने श्रम वाचतो हे विधान अपुरे आहे, वाचलेला श्रम कोणाच्या खात्यावर जातो हे त्याच्यापुढे विचारावे लागते.

हाच प्रश्न टायराच्या जन्मापाशीही आहे. १८९० च्या दशकात सायकलींची लाट आली आणि रबराची मागणी एकाएकी वाढली. लिओपोल्ड राजाच्या अमलाखालील काँगोत रानटी रबर गोळा करण्यासाठी लोकांवर जे अत्याचार झाले ते जगजाहीर आहेत. युरोपातल्या सडकांवर मऊ गादीवरून तरंगणाऱ्या स्वारांच्या सुखाची किंमत दुसऱ्या खंडातली गावे देत होती. आम्ही आमच्या टायरांची रुंदी आणि हवा यांची चर्चा करीत होतो तेव्हा हा इतिहास आमच्या मनात नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो माजलगावच्या रस्त्यावर आठवला.

५

आता आमची निवड. चौघांपैकी तिघांनी ७०० सी मापाची, ४० मिलिमीटर रुंद आणि मधोमध जवळजवळ गुळगुळीत असलेली टायरे घेतली. त्यांतल्या दोघांनी ट्यूब काढून आत द्रव टाकला, एकाने ट्यूब ठेवली. चाके ३६ तारांची घेतली, कारण सामानाचे ओझे मागच्या चाकावर येणार होते आणि कमी तारांच्या देखण्या चाकात एक तार तुटली तरी सारे चाक वाकडे होते. चौथ्याने हट्टाने घरची जुनी काळी सायकल आणली, पोलादी रिमची, २८ गुणिले दीड टायरची.

बीडकडच्या वाटेवर खडीखालोखाल दुसरा शत्रू म्हणजे काटा. बाभळीचा लांब काटा टायरात शिरून राहतो. मूळची अमेरिकेतली वेडी बाभूळ आता पडीक रानात आणि ओढ्याकाठी सर्वत्र माजलेली आहे. आणि सराटा. पावसाळ्यानंतर तो जमिनीवर पसरून वाळतो आणि त्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. सराट्याच्या एका ताटव्यावरून चाक गेले की ट्यूबला एक नव्हे, पाच-सहा छिद्रे पडतात. द्रव घातलेल्या टायरांनी हे काटे मुकाट्याने पचवले. फक्त काटा दिसला की तो लगेच उपटायचा नाही, एवढे पथ्य होते. ट्यूबवाल्या टायरावर आमच्या फेरीत सात पंक्चर झाले आणि काळ्या सायकलीवर चार.

परंतु हिशेब येथे संपत नाही. काळ्या सायकलीचे प्रत्येक पंक्चर पुढच्या गावात निघाले. तिची ट्यूब, तिची व्हॉल्वची रबरी नळी, तिचा टायर, तिच्या तारा, सारे कोठेही मिळत होते, आणि पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवून बुडबुडे पाहणारा, कानशीने घासून सोल्यूशन लावणारा माणूस प्रत्येक थांब्यावर होता. आमच्या नव्या चाकांना त्याचा पंपही बसत नव्हता. निघताना आम्ही पंपाचा जोड बरोबर घेतला नसता तर पहिल्याच दिवशी अडलो असतो. त्यावरून एक साधा नियम आम्ही करून ठेवला : अनेक दिवसांच्या वाटेवर चाक निवडताना ते किती कमी बिघडते याच्याइतकेच, बिघडल्यावर ते कोणाकोणाला दुरुस्त करता येते, हे पाहावे. शेवटी घट्ट धाव असलेल्या चाकाचीही भिस्त गावच्या लोहारावरच असे.

परळीहून निघाल्यावर एका आडवाटेने जाताना उखडलेल्या खडीची धार लागून द्रव घातलेल्या एका टायराची कूस दोन बोटे फाटली. एवढी फाट द्रवाने भरत नाही. बरोबरची ट्यूब आत घातली तर ती फाटीतून फुग्यासारखी बाहेर येऊ लागली. सायकल ढकलत आम्ही सडकेवरच्या एका पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो. तेथे सायकलीचे काम नव्हते, ट्रॅक्टरचे आणि टायरगाड्यांचे होते. दुकानदाराने आमच्या टायराकडे पाहिले, कोपऱ्यातला झिजलेल्या टायराचा तुकडा काढला, पातळ सोलला आणि आतून गेटर बसवून दिला. "आता ह्याच्यावर उसाची गाडी बी चालंल," असे म्हणाला. पैसे विचारले तर चहाचे पैसे सांगितले. त्या गेटरवर उरलेली सारी वाट झाली.

दुकानासमोरून तेव्हा टायरगाड्यांची ओळ कारखान्याकडे चालली होती. एका गाडीच्या उसावर एक बाई बसली होती, मांडीवर मूल झोपलेले. पुढे बैलांपाशी नवरा पायी चालत होता, कारण चढ लागला होता आणि आपले वजनही बैलांना जास्त होईल असे त्याला वाटत असावे. आमच्या सायकली पाहून त्याने विचारले, "मास्तर, कुठं निघालाव?" आम्ही फेरी सांगितली. त्याला ती समजली नाही, किंवा समजूनही तिचे कारण लक्षात आले नाही. "नुसतंच?" एवढेच तो म्हणाला आणि पुढे गेला.

या 'नुसतंच'ला आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते, आजही नाही. रस्ता ज्यांनी खडी फोडून केला, ज्यांची चाके त्यावरून पोटासाठी गेली, त्यांच्या वाटेवरून आम्ही हौसेने गेलो. त्याबद्दल अपराधी वाटून घेणे सोपे आहे, आणि निरुपयोगीही. त्यापेक्षा निदान एवढे करावे असे आम्हांला वाटते की या वाटेचा अभ्यास वाङ्मयाच्या अभ्यासाइतक्या गांभीर्याने व्हावा. अंबाजोगाईला जाणारे विद्यार्थी मुकुंदराजांच्या समाधीपाशी 'विवेकसिंधू'च्या रचनास्थळाविषयीचे मतभेद ऐकतात. ते ऐकावेत. पण तेथपर्यंत येणारा रस्ता कोणत्या साली, कोणाच्या हातांनी झाला, हे त्यांनी आपल्या आजीला एकदा विचारावे. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर देणारी आजी अजून आहे, आणि ते लिहून घेण्यासाठी फार वेळ उरलेला नाही.

टायरांविषयी विचाराल तर पुढच्या खेपेस आम्ही चौघेही चाळीस मिलिमीटरचेच टायर घेऊ, द्रव घालू, पण एक ट्यूब, एक जुन्या टायराचा तुकडा आणि पंपाचा जोड बरोबर ठेवू. पाणंदीत शिरण्यापूर्वी पाऊस होऊन किती दिवस झाले हे गावात विचारू. आणि काळ्या रानात चाकोरी दिसली तर तिच्यातून जाऊ.